गाडी बदलायची, स्टेशनही बदलायचं

आपल्यापैकी पुष्कळांचा आगगाडीचा प्रवास सरळ असतो. कुर्डुवाडीला बसायचे आणि पुण्याला उतरायचे. एक गाडी, एक तिकीट. त्यात चुकण्यासारखे फार नसते.

पण कधी कधी मुलूख ओलांडून जावे लागते. कुणाचा मुलगा पलटणीत असतो. कुणाची लेक लांब दिलेली असते. कुणाला काशी-रामेश्वर करायचे असते. अशा वेळी एका गाडीने भागत नाही. वाटेत मोठ्या शहरात उतरून दुसरी गाडी धरावी लागते. आणि खरी गंमत पुढेच आहे. ती दुसरी गाडी पुष्कळदा त्याच स्टेशनावरून सुटत नाही. शहर एकच, पण स्टेशन वेगळे.

या पाठात आपण त्याबद्दल बोलू. आधी आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो.

२०२४ सालचा हिवाळा होता. आमच्या गावचे एक शेतकरी आमच्याकडे आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचा मुलगा फौजेत, गुजरातेत जामनगरला. कवायतीत पाय मोडला होता. शस्त्रक्रिया ठरली होती. मुलाने फोनवर सांगितले होते, "त्याआधी आईला घेऊन या." अण्णा आणि वहिनी निघाली. आम्ही शिकलेले, म्हणून वाट विचारायला आमच्याकडे आले.

आम्ही म्हणालो, "सोपं आहे. कुर्डुवाडीला रात्री सिद्धेश्वर धरा. सकाळी मुंबई. तिथून सेंट्रलला जा. रात्री ओख्याची गाडी आहे, ती जामनगरावरून जाते."

अण्णांनी मान डोलावली. आम्हीही निश्चिंत झालो. वेळ तर भरपूर होता. सकाळी पोचायचे, रात्री निघायचे. मध्ये जवळजवळ चौदा तास.

सिद्धेश्वर गाडीचा शेवटचा थांबा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. जुनी माणसे त्याला अजून व्ही.टी. म्हणतात. अण्णा तिथे उतरले. त्यांनी एकाला विचारले, "हे सेंट्रलच का?" तो म्हणाला, "हो, सेंट्रलच." त्याचेही चुकले नव्हते. ते स्टेशन सेंट्रल रेल्वेचे, म्हणजे मध्य रेल्वेचे आहे. अण्णा आणि वहिनी भाकरीचे गाठोडे सोडून तिथेच बसली. दिवसभर बसली.

रात्री आठ वाजता अण्णा फलकापाशी गेले. ओख्याची गाडी कुठे लागते ते बघू लागले. फलकावर ओख्याचे नावच नाही. शेवटी एका हमालाने सांगितले, "अहो, ती मुंबई सेंट्रलवरून सुटते. ते वेगळं स्टेशन. पश्चिम रेल्वेचं." टॅक्सी केली. रस्त्याला गर्दी. पोचले तेव्हा गाडी गेली होती.

नीट ध्यानात घ्या. मुंबई सेंट्रल हे स्टेशन सेंट्रल रेल्वेवर नाही. ते पश्चिम रेल्वेवर आहे. नावाने भले भले फसतात. आम्ही अण्णांना "सेंट्रल" एवढेच सांगितले. "मुंबई सेंट्रल, पश्चिम रेल्वे" असे पुरे नाव सांगितले नाही, लिहून तर मुळीच दिले नाही. वेळ चौदा तास होता. चुकली ती जागा.

गाडी सुटून गेली म्हणजे पक्क्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. तेही गेले. गावच्या एका पोराची खोली डोंबिवलीला होती, तिथे दोघांनी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी जादा पैसे भरून तत्काळचे तिकीट काढले. तत्काळ तिकीट गाडीच्या आदल्या दिवशी मिळते. म्हणजे आणखी एक रात्र गेली. दोघं जामनगरला पोचली तेव्हा शस्त्रक्रिया होऊन गेली होती. मुलगा शुद्धीवर होता, बरा होता. पण वहिनी परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, पोराला आत नेताना आमी नव्हतो."

त्या दिवसापासून आम्ही कुणालाही वाट तोंडी सांगत नाही.

आता मुंबईचे बघू. महाराष्ट्रातल्या माणसाला गाडी बदलायची वेळ बहुधा मुंबईतच येते. तिथे लांबच्या गाड्यांची स्टेशने बरीच आहेत. पुणे, सोलापूर, नाशिक, कोकण या बाजूंच्या गाड्या मध्य रेल्वेच्या स्टेशनांवर येतात. ती स्टेशने म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर आणि लोकमान्य टिळक टर्मिनस. या शेवटच्याला लोक कुर्ला टर्मिनस म्हणतात. गुजरात, राजस्थान या बाजूंच्या गाड्या पश्चिम रेल्वेच्या, म्हणजे मुंबई सेंट्रल किंवा वांद्रे टर्मिनस येथून सुटतात. दिल्लीला दोन्हीकडून गाड्या आहेत. म्हणून "दिल्लीची गाडी" एवढे म्हणून भागत नाही. कुठली गाडी, तिचा नंबर काय, ती कुठून सुटते, हे तिकिटावर बघावे लागते.

वांद्रे टर्मिनस आणि वांद्र्याचे लोकलचे स्टेशन हीही एक नव्हेत. लोकलने वांद्र्याला उतरले तर टर्मिनसला जायला रिक्षा करावी लागते किंवा बरेच चालावे लागते. खार स्टेशनावरून टर्मिनसकडे जाणारा पादचारी पूल २०२२ साली झाला आहे. डोक्यावर बोजा नसेल तर तो बरा.

मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जायला उत्तम जागा दादर. दादरला दोन्ही रेल्वे शेजारी शेजारी आहेत. मधे फक्त पूल चढायचा. पूर्वी दोन्हीकडे फलाट एक, दोन, तीन असेच होते. कुणी "फलाट तीन" म्हणाला की कुठला तीन, असा घोटाळा व्हायचा. डिसेंबर २०२३ पासून आकडे सलग केले आहेत. १ ते ७ हे फलाट पश्चिम रेल्वेचे. ८ ते १४ हे मध्य रेल्वेचे. आकडा वाचता येणाऱ्याला आता तिथे कुणाला विचारायची गरज नाही.

तर अण्णांनी काय करायला हवे होते? सिद्धेश्वर गाडी दादरला थांबते. तिथेच उतरायचे. पूल चढून १ ते ७ च्या बाजूला यायचे. लोकलचे तिकीट वेगळे काढायचे. लांबच्या गाडीचे तिकीट खिशात आहे, तेच लोकलला चालेल असे समजू नये. दादर ते मुंबई सेंट्रल हे साधे तिकीट पाच रुपयांचे आहे. मग चर्चगेटकडे जाणारी लोकल धरायची. धीमी लोकल असेल तर प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी ही तीन स्टेशने जाऊ द्यायची आणि चौथ्याला उतरायचे. जलद लोकल असेल तर दादरनंतर पहिलेच स्टेशन मुंबई सेंट्रल.

मात्र सकाळी साडेसात-आठ ते अकरापर्यंत त्या दिशेच्या लोकलला माणूस माणसाला चिकटलेला असतो. गाठोडे घेऊन त्यात शिरू नये. वेळ हातात असेल तर अकरापर्यंत फलाटावर बसावे, चहा घ्यावा. आणखी एक. बायकांचा डबा वेगळा असतो. वहिनी एका डब्यात आणि अण्णा दुसऱ्या डब्यात, असे झाले तर उतरायचे स्टेशन दोघांनाही पाठ हवे. एकाला ठाऊक आणि दुसरा त्याच्या भरवशावर, हे मुंबईत चालत नाही. शक्य तर दोघांनी साध्या डब्यात एकत्रच चढावे. पहिल्या वर्गाच्या डब्यात चुकून चढू नये. दंड होतो.

आता वेळेचे बोलू. रेल्वेचे घड्याळ चोवीस तासांचे असते. दुपारी बारापर्यंत ते आपल्यासारखेच चालते. पुढे एक वाजला की ते १३ म्हणते. म्हणून १२ पेक्षा मोठा आकडा दिसला की त्यातून १२ वजा करावेत. १४.२० म्हणजे दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे. २१.१० म्हणजे रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटे. हे आमच्या रात्रीच्या वर्गात सगळ्यांना एका दिवसात येते.

अवघड जागा एकच, मध्यरात्र. रेल्वेची तारीख रात्री बारा वाजता बदलते. आपण खेड्यातली माणसे दिवस उजाडल्यावर दुसरा दिवस धरतो. समजा तिकिटावर तारीख १५ आहे आणि वेळ ००.१० आहे. म्हणजे गाडी १४ तारखेची रात्र संपता संपता, बारा वाजून दहा मिनिटांनी सुटणार. तुम्ही १४ तारखेला रात्री जेवून स्टेशनावर जायला हवे. १५ तारखेच्या रात्री गेलात तर गाडी एक दिवस आधीच गेलेली असते. असे तिकीट हाती आले की आम्ही त्याच्यावर पेनने लिहून ठेवतो, "१४ च्या रात्री". शाळेत असताना मास्तर पुस्तकावर लिहू देत नसत. तिकिटाच्या कोऱ्या कडेला लिहायला हरकत नाही.

पहिली गाडी पोचणे आणि दुसरी सुटणे यांत किती वेळ ठेवावा? याला सरकारी नियम नाही. आमचा अनुभव सांगतो. त्याच स्टेशनावर गाडी बदलायची असेल तर निदान तीन तास. स्टेशन बदलायचे असेल तर पाच-सहा तास. आणि दुसरी गाडी आठवड्यातून एकदाच असेल तर सरळ आदल्या दिवशी शहरात पोचावे. कुणी म्हणेल, एवढा वेळ बसून करायचे काय? बसावे. स्टेशनावर प्रतीक्षालय असते. क्लोकरूममध्ये सामान ठेवता येते. मात्र तिथे पिशवीला कुलूप लागते आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. कापडी गाठोडे घेत नाहीत. म्हणून दोन रुपयांची बचत न करता कुलपाची एक पिशवी घ्यावी.

शहाण्या माणसाने आधी हे बघावे की स्टेशन बदलणे टळते का. कोकणातल्या माणसाला गुजरातेत जायचे असेल तर काही गाड्या पनवेलवरून वसई रोडमार्गे थेट जातात. मुंबईत शिरावेच लागत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला उत्तरेकडे किंवा कलकत्त्याकडे जायचे असेल तर मनमाडला किंवा भुसावळला गाडी बदलता येते. स्टेशन तेच राहते, फक्त फलाट बदलतो. आमच्या सोलापूरच्या बाजूला मात्र एक नवी मेख झाली आहे. दौंडला आता दोन स्टेशने आहेत. एक जुने दौंड जंक्शन. दुसरे दौंड कॉर्ड लाइन. सोलापूरहून मनमाडकडे जाणाऱ्या काही गाड्या जंक्शनला येतच नाहीत. त्या कॉर्ड लाइनवरूनच वळतात. दौंडला गाडी बदलणाऱ्याने तिकिटावर कुठले दौंड लिहिले आहे ते वाचावे.

परमुलखातली दोन-तीन शहरे सांगून ठेवतो.

रामेश्वरला जाणारे यात्रेकरू मुंबई-सोलापूरच्या बाजूने चेन्नईला जातात. तिथे आपली गाडी बहुधा चेन्नई सेंट्रलला थांबते. दक्षिणेकडच्या गाड्या मात्र एग्मोर स्टेशनावरून निघतात. त्याला तमिळमध्ये एळुंबूर म्हणतात. काही गाड्या तर शहराबाहेरच्या तांबरमवरून सुटतात. सेंट्रलवरून एग्मोरला मेट्रोने पुढचेच स्टेशन. लोकलने जायचे तर सेंट्रलसमोर रस्ता ओलांडून पार्क नावाचे स्टेशन आहे. तिथून पुढचे एग्मोर. रामेश्वरच्या खाडीवरचा १९१४ सालचा पूल जुना झाला म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरून गाड्या बंद केल्या. मधली दोन-सव्वादोन वर्षे यात्रेकरूंना अलीकडेच उतरावे लागे. एप्रिल २०२५ मध्ये नवा पूल सुरू झाला. आता गाडी पुन्हा रामेश्वरपर्यंत जाते.

कलकत्त्याला हुगळी नदी आहे. आपल्याकडच्या गाड्या नदीच्या पश्चिमेला, हावड्याला किंवा शालिमारला थांबतात. दार्जिलिंगच्या बाजूला जाणाऱ्या पुष्कळ गाड्या पूर्वेला, सियालदहवरून निघतात. मधे नदी आणि सगळे शहर. पूर्वी टॅक्सीशिवाय किंवा बसशिवाय इलाज नव्हता. ऑगस्ट २०२५ पासून हावडा ते सियालदह मेट्रो थेट जाते. ती नदीच्या तळाखालून जाते. आमच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मग आमी वरनंच जाऊ."

काशीला स्टेशन बदलावे लागत नाही, पण नावांनी गोंधळ होतो. वाराणसी जंक्शन वेगळे, बनारस वेगळे, काशी वेगळे. यांतले बनारस म्हणजे पूर्वीचे मंडुवाडीह. २०२१ साली नाव बदलले. मुगलसराय शोधाल तर सापडणार नाही. २०१८ पासून त्याचे नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे. अलाहाबादचे प्रयागराज झाले, आणि तिथेही प्रयागराज जंक्शन व प्रयागराज छिवकी ही दोन निराळी स्टेशने आहेत. मुंबईकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या छिवकीलाच थांबतात. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेले जुने नाव आणि तिकिटावरचे नवे नाव जुळवून बघावे.

एक दिलासा आहे. उत्तरेत सगळीकडे स्टेशनाची पाटी देवनागरीत असते. तमिळनाडूत आणि बंगालातही मोठ्या स्टेशनांच्या पाटीवर स्थानिक अक्षराबरोबर हिंदी अक्षर असते. हिंदीची अक्षरे आणि आपली बाळबोध अक्षरे एकच. जो आपली पाटी वाचतो तो हावड्याचीही वाचतो.

तिकिटाबद्दल थोडेसे. पक्के तिकीट साठ दिवस आधी काढता येते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी हे एकशे वीस दिवस होते. ज्या गाडीला गर्दी जास्त तिचे तिकीट आधी काढावे, मग तिला जुळेल अशी पहिली गाडी बघावी. आपण उलटे करतो. गावाजवळची गाडी आधी पक्की करतो आणि मग पुढची मिळत नाही. खिडकीवर एक गोष्ट जरूर विचारावी. २०१९ पासून दोन गाड्यांची तिकिटे एकमेकांना जोडून घेता येतात. दोन्हीवर माणसांची नावे, वये तीच लागतात. जोडलेली असतील आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी हुकली, तर पुढच्या तिकिटाचे पैसे मागता येतात. "आमची जोडता येतील का?" असे विचारायला लाजू नये. मागे रांग कुरकुरते, कुरकुरू द्यावी.

प्रत्येक गाडीला पाच आकडी नंबर असतो. सिद्धेश्वरचा सोलापूरहून मुंबईला जाताना १२११६, परत येताना १२११५. एका आकड्याने दिशा बदलते. निघायच्या दिवशी १३९ या नंबरला फोन करून आपली गाडी कुठे आहे हे विचारता येते.

अण्णा-वहिनी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जामनगरला गेली. या खेपेला आम्ही काही सांगितले नाही. वर्गात फळ्यावर माहिती मांडली आणि वहिनींनी ती आपल्या हाताने वहीच्या कागदावर उतरून घेतली. तो कागद आमच्याजवळ आहे. अक्षर मोठे आहे, ओळी जरा वर चढल्या आहेत. त्यावर असे लिहिले आहे:

"कुर्डुवाडी. गाडी १२११६. रात्री.
दादरला उतरायचं. शेवटपर्यंत जायचं नाही.
पूल. फलाट १ ते ७.
लोकल तिकीट दोन. चर्चगेटकडं.
मुंबई सेंट्रल. पश्चिम रेल्वे.
ओखा गाडी. रात्री. जामनगरला उतरायचं.
पोराचा फोन."

दादरच्या पुलावर अण्णा चुकून ८ च्या बाजूला वळले. वहिनींनी कागद बघितला, वरची पाटी बघितली आणि त्यांचा सदरा धरून मागे ओढले. हे अण्णांनीच आम्हाला सांगितले.

आता तुम्ही करा.

१. पहिल्या गाडीची मुंबईला पोचायची वेळ ०६.४५ आहे. ती दोन तास उशिरा आली. दुसरी गाडी मुंबई सेंट्रलवरून १४.२० ला सुटते. हातात किती वेळ उरला? लोकल लगेच धराल की थांबाल?

२. तिकिटावर तारीख ९ आणि वेळ ००.३५ आहे. स्टेशनावर कोणत्या तारखेला, किती वाजता जाल?

३. तुमच्या घरातले कोण लांब राहते? त्याच्याकडे जाण्याचा कागद वहिनींसारखा तयार करा. स्टेशनांची नावे पुरी लिहा. वर्गात आणून दाखवा.